मोबाईलचा चार्जर सोडा, आधी गरम पाण्याच्या बादलीकडे बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दर वर्षी मार्च उजाडला की सगळ्याच पेपरात वीज वाचवायच्या टिप्स छापून येतात आणि त्यात हमखास पहिली किंवा दुसरी टिप असते की मोबाईलचा चार्जर प्लगमधून काढून ठेवा. चार्जर काढून ठेवायला माझी काही हरकत नाही, चांगलीच सवय आहे, पण त्या यादीत चार्जर, बल्ब, गिझर, एसी सगळे एकाच रांगेत उभे असतात, कुणासमोर किती युनिट हा आकडाच नसतो, आणि मग लोक मन लावून चार्जर काढतात आणि बाकीचं तसंच चालू राहतं. म्हणून हे पत्र. जरा लांबलंय पण जमलं तर पूर्ण छापा.

आधी चार्जरचंच बघू. आजकालचा चार्जर फोन न लावता नुसता प्लगमध्ये राहिला तर ०.१ वॅटच्या आसपास वीज घेतो. म्हणजे वर्षभर, दिवसरात्र, एकदाही न काढता ठेवला तरी वर्षाला एक युनिट पण होत नाही. आता थंडीतली अंघोळीची बादली घ्या. २० लिटर पाणी २० अंशावरून ४२ अंशावर न्यायचं तर अर्धा युनिट लागतोच लागतो, गिझर कुठल्याही कंपनीचा असो, रॉड असो, काहीही असो, कारण १ लिटर पाणी १ अंशाने तापवायला ४.२ किलोज्यूल लागतात हा पाण्याचा गुण आहे, त्यात सूट नाही. म्हणजे दोन बादल्या गरम पाणी झालं की चार्जरच्या अख्ख्या वर्षाच्या बचतीपेक्षा जास्त वीज गेली. त्याच अर्ध्या युनिटमध्ये ९ वॅटचा एलईडी पन्नास तासांहून जास्त चालतो आणि मोबाईल वीसेक वेळा पूर्ण चार्ज होतो. चार माणसांच्या घरात रोज चार बादल्या धरा, महिन्याला ६० युनिट नुसते अंघोळीचे.

तर मला सांगायचं ते एवढंच आहे की घरातली वीज आणि गॅस खातं कोण, तर उष्णता. काहीतरी तापवणं नाहीतर थंड करणं. उजेड, आवाज, फोन, टीव्हीवरचं चित्र हे सगळं त्यामानाने स्वस्तातलं काम आहे. (एक अपवाद सांगून ठेवतो, सेट टॉप बॉक्स. बरेच बॉक्स रिमोटने बंद केले तरी आत चालूच असतात आणि ८-१० वॅट घेत राहतात, वर्षाचे ७०-८० युनिट होतात. काढायचाच असेल तर चार्जरऐवजी त्याचा प्लग काढा.)

आता हे विजेने पाणी तापवणं इतकं महाग का पडतं ते समजायला आम्हा अकोलेकरांना लांब जायला नको. पारसचं वीज केंद्र बाळापूर तालुक्यातच आहे, २५० मेगावॅटचे दोन संच. तिथल्या कूलिंग टॉवरमधून जे पांढरं वर जाताना दिसतं त्याला बरेच जण धूर म्हणतात, पण तो धूर नाही, ती पाण्याची वाफ आहे, धूर निघतो तो वेगळ्या उंच चिमणीतून. आणि ही वाफ म्हणजे काय, तर कोळसा जाळून जी उष्णता मिळाली त्यातली जी विजेत बदलता आली नाही ती हवेत सोडून द्यायची सोय. आपल्याकडच्या कोळशाच्या केंद्रांत उष्णतेचा साधारण एक तृतीयांश भागच वीज बनून बाहेर पडतो, बाकी दोन भाग वाया. हा कुणाचा कामचुकारपणा नाही, निसर्गाचाच नियम आहे, वाफेवर चालणाऱ्या कुठल्याही यंत्राला सगळी उष्णता कामात बदलता येत नाही. मग एवढ्या कष्टाने बनवलेली वीज तारांमधून आणून, वाटेत आणखी थोडी घालवून, आपण तिचं गिझरमध्ये परत काय करतो तर उष्णता. उष्णतेची वीज आणि विजेची परत उष्णता. पंख्याला, पंपाला, बल्बला वीजच पाहिजे, तिथे इलाज नाही, पण नुसतं पाणी कोमट करायला कोळशाची वीज वापरणं हा मला सगळ्यात मोठा अपव्यय वाटतो.

यावरूनच स्वयंपाकघरातला एक प्रश्न येतो जो हल्ली खूप लोक विचारतात, इंडक्शन चांगलं की गॅस. इंडक्शनची ८५ टक्क्यांच्या आसपास वीज भांड्यात उतरते, गॅसच्या शेगडीची घरगुती वापरात ६० टक्के धरा, म्हणून इंडक्शनच पर्यावरणाला चांगलं असं सगळे सांगतात. पण हा हिशोब भिंतीवरच्या बोर्डापासून सुरू होतो, पारसपासून नाही. आपल्या देशातल्या एका युनिटमागे आज सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तो धरून मी हिशोब केला तर भांड्यात एक युनिटएवढी उष्णता पोचवायला इंडक्शनवर ०.८ किलोच्या आसपास आणि गॅसवर ०.४ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे आजच्या घडीला गॅस निम्म्यात पडतो. मी इंडक्शनच्या विरोधात अजिबात नाही. गच्चीवर सोलर पॅनल असेल आणि दुपारी ऊन असताना इंडक्शनवर रांधत असाल तर गॅसपेक्षा ते कितीतरी चांगलं, शिवाय देशाला लागणारा अर्ध्याहून जास्त एलपीजी बाहेरून येतो तोही मुद्दा आहेच. माझं म्हणणं इतकंच की उत्तर शेगडीवर अवलंबून नाही, वीज कुठून आणि दिवसाच्या कुठल्या वेळी येते त्यावर आहे. स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना २०२५ च्या जुलैपासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मध्ये दरात सवलत सुरू झाली ती याचमुळे, त्या वेळात सौर वीज भरपूर असते. वॉशिंग मशीन, मिक्सर, पंप ही कामं तेव्हा उरकली तर बिल पण कमी आणि कोळसा पण कमी.

गॅसवरच्या एका गोष्टीकडे मात्र कुणाचं लक्षच नाही, ती म्हणजे उकळी. पाणी उकळायला लागलं की त्याचं तापमान तिथेच थांबतं, अकोल्यात ९९ अंश, चिखलदऱ्याला उंचीमुळे ९६. त्यानंतर आच कितीही मोठी करा, तापमान अर्धा अंश पण वर जात नाही, भात लवकर शिजत नाही, फक्त वाफ जास्त होते. आणि वाफ करणं हे पाणी तापवण्यापेक्षा किती भारी काम आहे बघा, १ लिटर पाणी २५ वरून १०० अंशावर न्यायला ३१५ किलोज्यूल लागतात आणि त्याच एका लिटरची वाफ करायला २,२५७, म्हणजे सातपट! एक पेला, २०० मिली, पाणी उघड्या गंजातून (पातेल्यातून) उडालं तरी लिटरभर पाण्याला उकळी आणायला लागला असता त्यापेक्षा जास्त गॅस त्या वाफेबरोबर गेला. त्यामुळे उकळी आली की गॅस बारीक आणि वर झाकण, एवढं केलं तरी सिलेंडर जास्त दिवस जातो. याला ना नवीन वस्तू लागते ना पैसे.

कुकरचं पण तेच. कुकरमध्ये दाब वाढल्याने पाणी १२० अंशाच्या आसपास उकळतं, म्हणून डाळ पटकन शिजते, चिखलदऱ्याला तर कुकरशिवाय डाळ शिजवणं म्हणजे तासाभराचं काम. पण शिट्टी म्हणजे काय, तर दाब पुरेसा झालाय आणि जास्तीची वाफ बाहेर पडतेय. पहिली शिट्टी झाली म्हणजे आतलं तापमान जितकं व्हायचं तितकं झालं, नंतरच्या सगळ्या शिट्ट्या मोठ्या आचेवर वाजवणं म्हणजे वर सांगितलेली ती सातपट महागडी वाफ खिडकीतून बाहेर सोडणं. पहिल्या शिट्टीनंतर गॅस अगदी बारीक करून मिनिटं मोजा, शिट्ट्या नको. डाळ तेवढ्याच वेळात शिजते आणि आधी भिजवलेली असेल तर त्याहून लवकर.

ही वाफेची महागाई उन्हाळ्यात मात्र आपल्या बाजूने काम करते आणि विदर्भातल्या माणसाला हे शास्त्र न शिकता येतं. कूलर! पाणी उडून जाताना त्याला लागणारी उष्णता ते हवेतून ओढून घेतं. १ लिटर पाणी उडालं की ०.६७ युनिटएवढी उष्णता हवेतून गेली. भर मे महिन्यात ताट्या नीट भिजलेला मोठा डेझर्ट कूलर तासाला आठ लिटर पाणी उडवत असेल तर तो हवेतून जवळपास दीड टनाच्या एसीइतकी उष्णता काढत असतो, आणि त्यासाठी पंखा अन पंप मिळून २०० वॅटच्या आसपास वीज घेतो. दीड टनाचा एसी तेवढ्या उन्हात तासाला एक ते दीड युनिट खातो. आता खोली एसीसारखी २४ अंशावर येणार नाही हे खरं, कारण कूलर बाहेरची ४४ अंशाची हवा आत घेऊन थंड करतो, एसी आतलीच हवा फिरवतो, पण ४४ ची हवा २८ वर येणं म्हणजे माणसाला जगायला पुष्कळ झालं.

आणि इथेच लोक चुकतात, विशेष करून बाहेरगावाहून इकडे बदली होऊन आलेले. कूलर लावून सगळी दारं खिडक्या गच्च बंद करतात, एसीला करतात तसं. मग खोलीत ओल साठते, हवा दमट झाली की पाणी उडायचं थांबतं, पाणी उडायचं थांबलं की थंडावा पण थांबतो आणि अंग चिपचिप. कूलरच्या समोरच्या बाजूची खिडकी थोडी उघडी पाहिजेच, आलेली हवा बाहेर गेली पाहिजे. मुंबईत, रत्नागिरीत, गोव्यात कूलर का चालत नाही त्याचं कारणही हेच, तिथल्या हवेत आधीच इतकी वाफ आहे की आणखी पाणी उडायला जागाच नाही. त्यामुळे मुंबईच्या माणसाने एसी लावला तर त्याला नावं ठेवू नये, पण अकोला, नागपूर, चंद्रपूर, जळगावला एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात फक्त कूलर मागासलेला वाटतो म्हणून एसी घेणारी घरं वाढत चाललीत त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

यावर लगेच कुणीतरी म्हणेल की कूलर पाणी किती पितो, इकडे नळाला पाणी आठवड्यातून एकदा. रास्त मुद्दा आहे. पण एसी पण पाणी पितो, फक्त ते आपल्या घरातलं नसतं. कोळशाच्या केंद्राला एका युनिटमागे किती पाणी वापरता येईल याची सरकारने २०१५ च्या अधिसूचनेत मर्यादा घातली, जुन्या केंद्रांना एका युनिटला साडेतीन लिटर. म्हणजे तासाला दीड युनिट घेणारा एसी तिकडे कुठल्यातरी धरणातलं पाच लिटरपर्यंत पाणी उडवतो! २०१३ च्या दुष्काळात परळीचं वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं हे मराठवाड्यातले वाचक विसरले नसतील. वीज आणि पाणी आपण दोन वेगळ्या बिलांत भरतो म्हणून ते वेगळं वाटतं.

ज्यांच्याकडे एसी आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट, आणि ही मला या सगळ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची वाटते. १ अंश वर ठेवला की ६ टक्के वीज वाचते हे सगळ्यांना माहीत झालंय, २०२० पासून नवीन एसी चालू केल्यावर २४ वरच सुरू होतो तो नियम पण त्यासाठीच. पण एसीतला गॅस? दर उन्हाळ्यात मेकॅनिक येतो, 'गॅस कमी झालाय' म्हणतो, भरून जातो, आपण पैसे देतो. एसीतला गॅस स्कूटरमधल्या पेट्रोलसारखा संपत नाही, तो बंद नळीत गोल फिरत असतो आणि वर्षानुवर्षं तेवढाच राहायला पाहिजे. कमी झालाय म्हणजे कुठेतरी लीक आहे, आणि लीक न शोधता नुसता भरला तर तो पुढच्या वर्षापर्यंत परत हवेत. हवेत गेलेला हा गॅस काय करतो? बऱ्याच एसीत असलेला आर-४१०ए हा गॅस १ किलो हवेत गेला तर १०० वर्षांच्या हिशोबात तो २,००० किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइडइतकं जग तापवतो. ०.७ ने भागा, जवळपास ३,००० युनिट विजेएवढं नुकसान! चार्जर, बल्ब, पंखे, सगळं जपून वापरून वर्षभर केलेली बचत एका लीकमध्ये धुऊन जाते. नवीन एसीत आर-३२ असतो, त्याचा आकडा ६७५ आहे, म्हणजे तिपटीने बरा, पण तो पण निरुपद्रवी नाही. जुना एसी भंगारात देताना किंवा घर बदलताना नळी तोडून गॅस फुस्स करून सोडून देतात ते तर आपल्या डोळ्यांसमोर होतं. मेकॅनिकला सांगा, आधी लीक शोध आणि बंद कर, मग भर. काढताना गॅस मशीनमध्येच ओढून घेऊन व्हॉल्व्ह बंद करता येतो, बहुतेक स्प्लिट एसीत ते दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे, फक्त सांगावं लागतं.

घर मुळात तापूच नये यासाठीही थोडं. जाड पडदे आतून लावतात ते उपयोगाचे असतात पण अर्धेच, कारण ऊन काचेतून आत आलं की त्याची उष्णता घरात शिरली, मग ती पडद्यावर पडली काय नि फरशीवर पडली काय. तेच ऊन बाहेर अडवलं, हिरवी नेट लावा, ताटी लावा, वेल चढवा, तर ती उष्णता बाहेरच राहते. स्लॅबचं तर विचारू नका. दिवसभर ऊन पिऊन ठेवतो आणि रात्री दहा-अकराला खाली सोडतो, म्हणून बाहेर वारा गार झाला तरी आत भट्टी. गच्चीला पांढरा चुना, त्यात थोडा फेव्हिकॉल घालून, मार्चमध्ये मारला तर बरंचसं ऊन परत वर जातं. तेलंगणा सरकारने २०२३ मध्ये कूल रूफ धोरणच आणलं, आपल्याकडे निदान विदर्भ, खानदेश, मराठवाड्यासाठी तसं काही का नसावं? आणि पंखा खोली थंड करत नाही, माणसाचा घाम उडवून माणसाला थंड करतो, रिकाम्या खोलीत चालू ठेवला तर मोटर खोली थोडी गरमच करते. जुना पंखा ७५ वॅट, नवीन बीएलडीसी (कमी विजेवर चालणाऱ्या मोटरचा) ३० च्या आसपास, पंखे आपल्याकडे आठ-नऊ महिने चालतात त्यामुळे बदलायचं असेल तर सगळ्यात जास्त फिरणारा पंखा आधी बदला.

कपड्यांचं पण सांगतो. फ्रंट लोड मशीनचे बरेच प्रोग्रॅम आपोआप ४० अंशावर असतात, त्यातली जास्तीत जास्त वीज पाणी तापवायलाच जाते, ड्रम फिरवायला थोडीच लागते. थंड पाण्याचं बटण दाबा. आणि दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांतून दोन-तीन लिटर पाणी उन्हाने फुकट उडतं, तेच काम मशीनला करायला लावलं की दोन-तीन युनिट. अमेरिकेत राहणारी आपली मंडळी ड्रायर वापरतात, काही वसाहतींत तर बाहेर दोरी बांधायला मनाई असते. इथे नव्या टॉवरमध्ये पण बाल्कनीत कपडे नकोत असे नियम येऊ लागलेत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्याला जरूर विरोध करा.

शेवटी सोलर. २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आल्यापासून, ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं म्हणून, गच्चीवर पॅनल वाढलेत, आनंदाची गोष्ट आहे. पण त्या नादात गच्चीवरचा सोलर वॉटर हीटर लोक काढून टाकतायत, पॅनलला जागा करायला, आता गिझर फुकटच चालेल म्हणून. हे उलटं होतंय. पॅनल उन्हाचा २० टक्के भाग वीज करतो, वॉटर हीटर त्याच उन्हाचा निम्मा किंवा जास्त भाग सरळ पाण्यात उतरवतो, १०० लिटर पाणी ६० अंशापर्यंत तापवलं की दिवसाचे चार युनिट वाचले. पाणी तापवायला हीटर आणि बाकीला पॅनल, दोन्ही ठेवा. अजून एक, मे महिन्यात ऊन जास्त म्हणून वीज पण जास्त असं समजून लोक नंतर तक्रार करतात. पॅनलला उजेड आवडतो, उष्णता नाही. २५ अंशाच्या वर प्रत्येक अंशाला त्याची ताकद ०.३ ते ०.४ टक्के घटते आणि मेमध्ये अकोल्याच्या गच्चीवर पॅनल ६५ अंशाला सहज जातो, म्हणजे १२ ते १६ टक्के तिथेच गेले, त्यावर धुळीचा थर. म्हणून पॅनल स्लॅबला चिकटून लावू देऊ नका, खालून वारा खेळायला जागा ठेवायला सांगा, आणि धुवायचे तर पहाटे.

संपादक साहेब, तुम्हाला दोन विनंत्या आहेत. येत्या उन्हाळ्यात टिप्स छापाल तेव्हा प्रत्येक टिपेसमोर तिने वर्षाला किती युनिट वाचतात तो आकडा पण छापा आणि मोठा आकडा वर घ्या. आणि एसीचा गॅस लीक कसा ओळखायचा, मेकॅनिकला नेमकं काय विचारायचं, यावर एखाद्या जाणत्या कारागिराकडून अर्धं पान लिहून घ्या, एप्रिलच्या आत, म्हणजे लोक सर्व्हिसिंगला बोलावतील तेव्हा त्यांच्या हातात ते असेल.

आपला,
एक नियमित वाचक, अकोला